पट्ट्याचं दुसरं टोक

या, अशा जवळ या. दारात उभं राहून ऐकायची ही गोष्ट नाही. थोडं सरका, मागून येणाऱ्यालाही टेकायला जागा होऊ द्या. गोष्ट एका बाईची आहे, तिच्या नवऱ्याची आहे आणि दोन कुत्र्यांची आहे. त्यांच्यातलं खरं कोण बोललं आणि कोण गप्प राहिलं ते शेवटी तुमचं तुम्हीच ठरवा. मध्येच त्या बाईचा राग येईल. येऊ द्या. पण रागावून उठून जाऊ नका, कारण उठून जायच्या बेतात तीही होती, आणि तिथेच तर सगळं आहे.

फौजदाराने पुढचे दोन्ही पाय कोपरापर्यंत जमिनीला टेकवले, मागचा भाग वर उचलला आणि शेपटीसकट सगळी कंबर हलवली. झालं ते एवढंच. कालव्याच्या काठाने जाणाऱ्या त्या रस्त्यावर संध्याकाळी फिरायला येणारं कुणीही म्हणालं असतं, बघा, कुत्र्याला खेळायचंय. पण त्याचा पट्टा धरून चालणारी ती बाई जागच्या जागी थबकली. जिना संपला असं समजून पाय टाकावा आणि आणखी एक पायरी निघावी, तसं. कारण फौजदार असं कधी करत नसे. तांबूस, आखूड केसांचा, रुंद छातीचा हा कुत्रा घरी आला त्या दिवसापासून दुसरं कुत्रं दिसलं की सगळं वजन पुढच्या पायांवर घ्यायचा, तोंड मिटायचा, पाठीवरचे केस उभे करायचा आणि शेपूट अशी ताठ वर धरायचा की नुसतं टोक थरथरत राहायचं. नाव फौजदार पडलं ते त्यामुळेच. थोड्याच वेळापूर्वी वळणावर पिशवीवाले काका आपल्या ढेरपोट्या कुत्र्याला घेऊन समोरून नाकासमोर चालत आले होते आणि लांबूनच म्हणाले होते, "अहो, येऊ द्या की! शेपूट हलवतोय तुमचा, खूश आहे!" तिने पट्टा आखडून रस्त्याची दुसरी बाजू धरली होती. "काका, ती ताठलीय. खुशीची शेपूट सैल असते." "शेपटीतही सैल-घट्ट असतं होय?" काका म्हणाले. "बरं झालं देवाने माणसाला दिली नाही. नाहीतर आमच्या हिने रोज दारात तपासून मगच आत घेतलं असतं." ती हसली होती. तेवढंच शेवटचं हसणं.

आणि आता तोच फौजदार एका म्हाताऱ्या काळ्या कुत्रीसमोर वाकला होता. कुत्री अंगाने मोठी, तोंडावर पिकलेली, मागच्या पायांत जराशी वाकलेली. ती सरळ चालून आली नव्हती. सभ्य कुत्री येतात तशी अर्धं वर्तुळ घेऊन, मान बाजूला करून, वाटेतल्या गवताचा उगाचच वास घेत आली होती. फौजदारानेही तसंच वळण घेतलं. दोघं एकमेकांच्या शेपटीकडून फिरले, एकदाच हुंगलं, आणि ओळखीची माणसं काल राहिलेलं बोलणं पुढे सुरू करतात तसा तो वाकला. ही पहिली भेट नव्हती. पहिल्या भेटीत कुत्री इतक्या थोडक्यात आटोपत नाहीत. काळ्या कुत्रीच्या पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला एक बाई होती. राखी स्वेटर, मागे बांधलेले पांढरे केस, तिच्याहून थोडी मोठी असेल. त्या बाईने आधी फौजदाराकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. मग पट्टा धरणाऱ्या हाताकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि मग तिच्या खांद्यावरून मागे, रस्त्याच्या टोकापर्यंत. मागून कुणीतरी यायचं राहिलंय, असं. कुणी आलं नाही. बाईने ओठांवरून जीभ फिरवली, नजर वळवली, आणि तळवा जमिनीकडे करून हात हलकेच खाली नेला. तोंडाने शब्द नाही. फौजदार बसला. घरी कुणी बस म्हटलं तर जो खिडकीतून बाहेर बघायचा, तो परक्या बाईच्या नुसत्या हातावर बसला. "गुणी आहे," बाई म्हणाली, जरा जास्तच सावकाश, एकेक अक्षर सोडवून, आणि काळ्या कुत्रीला घेऊन निघून गेली. फौजदार बसल्या बसल्या तिच्या पाठीकडे बघत राहिला. त्याचे कान पुढे होते, तोंड किंचित उघडं, कपाळावर एकही आठी नाही. जनावर खोटं बोलत नाही, देवाने त्याला ती सोयच ठेवलेली नाही. म्हणजे जो खोटं बोलला होता तो दुसराच होता, एरवी याला रोज इथे फिरवणारा तिचा नवरा, आणि तो घरी पाय प्लास्टरमध्ये घालून शिलाई मशीन खोलत बसला होता.

हे तिला कळायला वेळ लागला नाही, कारण हे कळणं हेच तिचं काम होतं. जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई सुई टोचायच्या तेव्हा जनावराला धरायची ती. धरायच्या आधी वाचायचं असतं. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "तोंडाकडे बघू नकोस, सगळं अंग वाच. डोळ्याचा पांढरा भाग दिसला तर थांब. झोप नसताना जांभई आली तर थांब. मान वळवली तर तो म्हणतोय, भांडण नको, मला जाऊ द्या. आणि एकदम थिजला, तर हात सोड आणि मागे हो. गुरगुरणारं कुत्रं अजून बोलतंय. थिजलेल्याचं बोलून झालेलं असतं." तिने हे इतकं अंगात मुरवलं की दवाखान्याच्या पायऱ्या चढणाऱ्या कुत्र्याच्या खांद्यांवरून ती सांगायची, हा चावणार, हा नाही चावणार, हा मालकिणीला चावणार. दिवसभर केसांच्या गराड्यात काढून ती घरी आली की नवरा म्हणायचा, "दिवसभर कुत्री आणि संध्याकाळीही कुत्रं? तू टेक. मी नेतो याला." तिला किती बरं वाटायचं. असा नवरा मिळायला पुण्य लागतं, असं ती पायाला तेल लावता लावता स्वतःशीच म्हणायची. गेलं वर्षभर त्याने एकही संध्याकाळ चुकवली नव्हती. ताप असताना गेला, पाहुणे बसलेले असताना गेला. ताईने फोनवर म्हटलंसुद्धा होतं, "रोज? न सांगता? आमचे हे कचऱ्याची पिशवी खाली न्यायला सांगितली तर दोन्ही हातांनी कंबर धरतात. आणि तुला काही वाटलं नाही?" तेव्हा खरंच काही वाटलं नव्हतं. आता त्या फोनमधलं ताईचं हसू परत ऐकू आलं. आणि त्या हसण्यात तिला दुसरंच काहीतरी जाणवलं.

घरी आली तेव्हा तो पुढच्या खोलीत, त्याच्या नेहमीच्या बाकड्यावर, एक पाय स्टुलावर ठेवून मशीनचं खालचं झाकण काढत होता. त्याच्या गुडघ्यावर तेलाचं फडकं. फौजदार जाऊन त्याच्या प्लास्टरला टेकला. ती चपला काढता काढता म्हणाली, "कालव्याकडेच नेता ना तुम्ही याला?" त्याने हात थांबवला. आधी वर पाहिलं, तिच्या डोळ्यांत नाही, जरा खाली, आणि मग मान डावीकडे वळवली, भिंतीकडे बघत असल्यासारखी. "हो, खाल्लं त्याने दुपारी," तो म्हणाला. तिने पुन्हा विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं. पण तिला उत्तर नको होतं, तिला पकडायचं होतं. मान वळवली. प्रश्न टाळला. भलतंच बोलला. आत जाऊन तिने भांडी घासायला घेतली आणि एकेक भांडं घासताना एकेक गोष्ट वर यायला लागली, तळाशी करपलेलं खरवडून सुटतं तशी. हे मान वळवणं आजचं नव्हतं. किती महिने झाले, ती बोलायला लागली की तो मान वळवत होता. जेवताना, पलंगावर, डॉक्टरांनी पायाचा फोटो दाखवला तेव्हा. आणि मान वळवण्याआधी तोंडाकडे बघणं. ते बघणं तिच्या लक्षात आलं होतं, का नाही येणार! या वयात नवरा आपल्या ओठांकडे असा टक लावून बघतो म्हणून तिला लाज वाटली होती, आणि चोरून एकदा तिने आरशात ओठ पाहिलेही होते. आता हातातला तवा तसाच धरून ती उभी राहिली. ते प्रेम नव्हतं. तो पाळतीवर होता. तिला काय काय कळलंय ते तो तिच्या तोंडावरून जोखत होता.

एकदा शंकेचा डोळा असा उघडला की मग काही सुटत नाही. तो प्रार्थनेला यायचा बंद झाला होता. लग्न झाल्यापासून दोघं जोडीने जायची, गाणारे बुवा पहिला सूर लावायचे आणि हा मांडीवर बोटांनी ताल धरायचा. निरूपणात हसायची जागा आली की तिच्याआधी हा हसायचा, रडायची जागा आली की हाच आधी नाक ओढायचा. वर्षामागे एक दिवस म्हणाला, "तू जा. बसून माझ्या कंबरेला रग लागते." कंबरेला रग लागते आणि कालव्यापर्यंत चालवतं! ज्याच्या मनात पाप असतं त्याला देवासमोर बसवत नाही, हे तिला तेव्हा कसं सुचलं नाही? रेडिओ तो आता लावतच नव्हता. आणि तो अपघात. सायकलवाला पोरगा शरमेने लाल होऊन दारात उभा होता, "काकू, आईशप्पथ, घंटा वाजवून वाजवून अंगठा दुखला माझा, पण काका कुठल्या तंद्रीत होते काय माहीत!" तंद्रीत. कालव्याकडून परत येताना. कुणाला सोडून येताना माणसाला अशी तंद्री लागते? तरुणपणी हा तिला बघायला यायचा तेव्हा असाच एका उघड्या गटारात पडला होता.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तिने एका भित्र्या कुत्रीला इतकं घट्ट धरलं की डॉक्टरीणबाई सुई वर धरून थांबल्या. "अगं, धर म्हटलं, पिळ म्हटलं नाही. घरी सगळं ठीक ना?" "ठीक आहे." "मान का वळवतेस मग?" डॉक्टरीणबाई हसल्या. तिला हसू आलं नाही. तिला वाटलं, यांनाही माहीत आहे. पिशवीवाल्या काकांनाही माहीत आहे, शेपूट दारात तपासायची ते उगाच नाही बोलले. सगळ्यांना माहीत आहे आणि सगळे गवताचा वास घेतल्यासारखं करत बाजूने चाललेत. त्या संध्याकाळी ती फौजदाराला घेऊन कालव्यावर गेली तेव्हा राखी स्वेटर दिसला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. म्हणजे निरोप गेला. घरात बसून, प्लास्टर घालून, त्याने निरोप पोचवला. किंवा बाईनेच ओळखलं आणि वाट बदलली. बाकावर बसून तिने फौजदाराच्या मानेत तोंड घातलं आणि त्याला हुंगलं, त्याच्या केसांत दुसऱ्या घराचा वास येतो का ते बघायला. त्याला धुळीचा आणि ओल्या पानांचा वास येत होता. त्याने तिचा कान चाटला आणि जांभई दिली.

घरात ओरडायचं नाही, हे तिचं लहानपणापासूनचं व्रत होतं. तिच्या माहेरी आईचा आवाज रस्त्याच्या टोकाला ऐकू जायचा. मीठ मागितलं तरी शेजारी खिडकी उघडायचे. बाबा नुसते हसायचे, आणि आईचा गळा म्हातारपणी फाटक्या कापडासारखा झाला होता. म्हणून ती लग्नाच्या पहिल्या रात्रीच नवऱ्याला म्हणाली होती, "काही झालं तरी आपण हळू बोलायचं हं. आईबाबांसारखं आयुष्य मला नको. मी तसं नाही काढू शकणार." आणि तिने ते पाळलं होतं. रागावली तरी तिचा आवाज चढत नसे, उलट उतरायचा. त्या दिवशी दिवेलागणीला तो खिडकीकडे तोंड करून बाकड्यावर बसला होता, कुणाच्या तरी जुन्या मशीनच्या अंगावर तळवा ठेवून, दुसऱ्या हाताने चाक फिरवत. पूर्वी तो कान लावायचा. मशीनला कान लावून म्हणायचा, "खालचे दात झिजलेत, सुई कुरकुरतेय, ऐक." आता तळवा. त्या तळव्याचा तिला एकदम इतका मत्सर वाटला की ती त्याच्या पाठीमागे येऊन उभी राहिली आणि नेहमीच्या हळू आवाजात म्हणाली, "मला कळलंय सगळं. मी ताईकडे जाते. परत यायची नाही. तुम्ही सुखाने राहा." चाक थांबलं. त्याचा तळवा मशीनवरच राहिला. तो वळला नाही. मान नाही, खांदा नाही, बोट नाही. बाहेर अंधारून आलं होतं आणि खिडकीच्या काचेत खोलीतला दिवा, बाकडं आणि त्याच्यामागे उभी असलेली ती, सगळं उमटलं होतं, पण तिने काचेत पाहिलं नाही. तिने त्याची पाठ पाहिली. थिजलेली पाठ. थिजलेल्याचं बोलून झालेलं असतं. ती मागे झाली, डॉक्टरीणबाईंनी शिकवलं होतं तशी, एकेक पाऊल. आतल्या खोलीत जाऊन तिने कपाटावरची बॅग काढली. फौजदार दारात उभा राहून एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होता, आणि अंग कोरडं असताना त्याने पाण्यातून निघाल्यासारखं सगळं अंग झटकलं.

जायच्या आधी तिला त्या बाईला एकदा धरायचं होतं. एवढं तरी. दुसऱ्या संध्याकाळी ती लवकर निघाली. बॅग भरून पलंगाखाली होती. दिवसभर तो मशीनवर वाकून राहिला होता. जेवताना मानही वळवली नव्हती, ताटात बघून जेवला होता. वळणावरून तिला दिसलं, बाकावर राखी स्वेटर, पायाशी काळी कुत्री. तिच्या मुठीत पट्टा आवळला गेला, मनगटाला दोन वेढे बसले. आणि फौजदार, जो काल-परवापर्यंत हिच्यासमोर वाकत होता, त्याचे खांदे वर चढले. तोंड मिटलं. शेपटी वर गेली आणि टोक थरथरायला लागलं. तो सरळ रेषेत चालत गेला आणि काळीपासून हातभर अंतरावर छातीतून गुरगुरला. तिच्या मनात एक वाईट समाधान चमकून गेलं. आपल्या बाजूने कुणीतरी बोललं. काळीने वर पाहिलं. तिने दात दाखवले नाहीत, ती उठलीही नाही. फौजदाराच्या शेपटीकडे बघून तिने सावकाश डोळे मिचकावले, तोंड बाजूला केलं, आणि कूस वळवून त्याच्याकडे आपली म्हातारी पाठ केली.

"पट्टा सैल सोडा," बाकावरची बाई म्हणाली. तशीच सावकाश, एकेक अक्षर सोडवून. "तो तिच्यावर नाही चिडलेला. त्याला वाटतंय, तुम्हाला इथे कसली तरी भीती आहे."

हेच वाक्य ती दवाखान्यात रोज कुणाला ना कुणाला सांगायची. "मला कुत्र्याचं शिकवू नका," ती म्हणाली. "तुम्ही कोण, ते सांगा आधी. माझा कुत्रा तुमच्या हातावर बसतो. माझा—" बाईने मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि तोंड उघडलं, तेवढ्यात रस्त्यापलीकडच्या गोदामाचं लोखंडी शटर कुणाच्या तरी हातून सुटलं आणि वरून खालपर्यंत एकदम आदळलं. ती दचकली. बाई दचकली. फौजदार चारी पायांवर उडाला आणि तिच्या गुडघ्यामागे आला. झाडावरची पाखरं उठली. पाण्याकडे बघत बसलेल्या काळीचा कान हलला नाही. एक कानही हलला नाही. कुत्रं झोपेत असलं, आजारी असलं, मरायला टेकलेलं असलं तरी आवाजाने पहिला कान वळतो, बाकी सगळं मागून. हे तिला माहीत होतं, जसं स्वतःचं नाव माहीत होतं.

"हिला ऐकू येत नाही," ती म्हणाली.

"नाही. म्हणून तर हाताची भाषा. तिचं बघून तुमचा फौजदारही शिकला." बाई शटरकडे बघून अजून छातीवर हात धरून होती. "पहिल्या दिवशी असाच गुरगुरला होता हिच्यावर. मोठा थोरला आव आणून. हिला कुठे काय ऐकू येतंय! ही आपली शेपटी हलवत त्याच्याकडे बघतेय. गुरगुरून गुरगुरून बिचारा दमला आणि खाली बसला. मला इतकं हसू आलं. मी म्हटलं, माफ करा हं, हिला ऐकू येत नाही. तर ते म्हणाले—" बाई थांबली. ओठांवरून जीभ फिरवली. "नाही. मी शब्द दिलाय त्यांना. तुम्ही त्यांनाच विचारा."

"तुम्ही काय करता?"

"आता काही नाही. शाळेत शिकवायचे. ऐकू न येणाऱ्या मुलांना. समोरच्याचे ओठ वाचायला." बाईने तिच्याकडे पाहिलं आणि घाईघाईने म्हणाली, "मी मुलांबद्दल बोलतेय, बरं का."

ती खाली बसली. बाकावर नाही, रस्त्याच्या कडेला, गवतात. मनगटाचे वेढे आपोआप सुटले. सायकलची घंटा. रेडिओ. गाणाऱ्या बुवांचा पहिला सूर, आणि हा मांडीवर बोटांनी ताल धरून बसलाय, शेजारणीच्या टाळ्या बघून आपली टाळी देतोय, सगळे रडले की मग नाक ओढतोय, आणि एक दिवस ते सोंग सोसवत नाही म्हणून कंबरेचं नाव सांगतोय. मशीनवरचा तळवा. तिचे ओठ. आणि ते मान वळवणं, भिंतीकडे, नेहमी डावीकडेच. तिने बसल्या बसल्या स्वतःची मान तशी वळवून पाहिली. मान डावीकडे वळली की उजवा कान पुढे येतो. तो तोंड फिरवत नव्हता. उरलेला कान तिला देत होता. कुत्र्याची मान तिने आयुष्यभर बरोबर वाचली होती आणि त्याच डोळ्यांनी माणसाची वाचली होती. काळी उठली, अर्धं वर्तुळ घेऊन तिच्या बाजूने आली आणि तिच्या खांद्याला आपलं जड डोकं टेकून उभी राहिली. फौजदाराची शेपूट खाली आली, सैल पडली, आणि मग कंबरेसकट हलायला लागली.

घरी पोचली तेव्हा तो बाकड्यावर नव्हता. आतल्या खोलीत, पलंगाच्या कडेला, प्लास्टरचा पाय लांब करून बसला होता आणि त्याच्या पुढ्यात तिची बॅग होती. काठीने त्याने ती पलंगाखालून ओढून काढली असावी. बॅगेत त्याने काहीतरी ठेवलं होतं. तिची सुती शाल, जी ती विसरली होती. तिला दारात बघून त्याने मान वळवायला सुरुवात केली आणि अर्ध्यावर थांबवली. "ताईकडे थंडी असेल," तो म्हणाला. "काचेत दिसलं मला, काल. सगळं नाही दिसलं. कळलंय म्हणालीस. आणि जाते." त्याचा आवाज जरा मोठाच होता, तो केव्हापासून मोठा झाला होता कुणास ठाऊक. "मी तुला सांगणार होतो. पण तू म्हणाली होतीस, आईबाबांसारखं आयुष्य नको. तुझे बाबा ऐकू येत नाही म्हणून हसायचे, आणि आईचा गळा गेला. मी म्हटलं, ओठांवरचं पुरतं शिकून घेऊ, मग सांगू. मग ओरडावं लागणार नाही तुला. आणखी थोडे महिने मिळाले असते तर जमलं असतं, अगं. बाई म्हणत होत्या, मला बरं येतं म्हणून."

तिने दिवा लावला. स्टूल ओढलं आणि त्याच्या अगदी समोर, दिव्याचा उजेड आपल्या तोंडावर येईल अशी बसली. सांगायला कितीतरी होतं: राखी स्वेटर, तवा, फौजदाराच्या मानेतला वास, जे जे तिने मनात आणलं ते सगळं, आणि ते ती सांगणार होती, आजच, एकही वगळणार नव्हती. पण आधी एक. "पहिल्या दिवशी," ती म्हणाली, एकेक अक्षर सोडवून, "बाई म्हणाल्या, हिला ऐकू येत नाही. तुम्ही काय म्हणालात?"

तो तिच्या ओठांकडे बघत होता. "मी म्हणालो, मलाही," तो म्हणाला. "कुणाला म्हणून पहिल्यांदाच सांगितलं. कुत्र्यामुळे निघून गेलं तोंडातून."

"काल मी जाते म्हणाले. रागात म्हणाले. वाईट मनाने म्हणाले, ते का, ते सांगते तुम्हाला. पण जात नाही."

त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या. शिकणारं मूल वाचलेलं मोठ्याने म्हणून बघतं, तसा तो म्हणाला, "जात... नाही?"

"जात नाही."

"पुन्हा म्हण. बाई पुन्हा म्हणायला लावतात."

"जात नाही हो," ती म्हणाली, आणि हळूच, कारण हळू बोललेलंही आता चालणार होतं. त्याने या वेळी मान वळवली नाही. बॅगेतली शाल काढून फौजदार केव्हाच तिच्यावर निजला होता, पोट वर करून, चारी पाय सैल.

तर मायबाप, ती बाई आता दर आठवड्याला नवऱ्याला घेऊन प्रार्थनेला जाते. पुढे, उजेडात बसवते, जिथून गाणाऱ्याचे ओठ दिसतात, आणि हसायची जागा आली की तो पुन्हा तिच्याआधी हसतो. त्यांचं बरं चाललंय, त्यांची काळजी करू नका. माझं मागणं दुसऱ्या कुणासाठी आहे. ती काळी कुत्री पुढे लवकरच गेली. वय झालं होतं. जगात अमक्याने तमक्याला वाचवलं अशा पुष्कळ कथा तुम्ही ऐकल्या असतील, तिने काही कुणाला वाचवलं नाही. ती नुसती पाठ करून बसली आणि शेपटी हलवत राहिली. पण तुमच्या घरी कुणी मान वळवेल, कुणी गप्प होईल, आणि तुमच्या मुठीत पट्टा आवळायला लागेल, तेव्हा क्षणभर तिची आठवण ठेवा. जिला गुरगुर कधी ऐकूच आली नाही, त्या काळीची.